लोखंडी शंखाला खाणीचा धोका

कोकण किनाऱ्यावर सापडणारे शंख कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याचे असतात. हिंदी महासागरात सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, तळातील उष्ण झऱ्यांजवळ राहणाऱ्या एका गोगलगायीच्या शंखावर मात्र लोह सल्फाइडचा थर असतो. तिच्या पायावरही खवले असतात. लोह येते झऱ्याच्या पाण्यातून. जिथे ते कमी, तिथे याच प्रजातीचे शंख पांढुरके दिसतात.

२००१ मध्ये सापडलेली ही गोगलगाय २०१९ मध्ये ‘आययूसीएन’च्या लाल यादीत ‘धोक्यात’ ठरली. कारण खोल समुद्रातील संभाव्य खाणकाम. तेव्हा ज्ञात असलेल्या तीन अधिवासांपैकी दोन जर्मनी आणि चीनला खनिज शोधासाठी मिळालेल्या क्षेत्रांत होते. तांबे, जस्त असलेले सल्फाइड साठे याच झऱ्यांभोवती तयार होतात.

भारतानेही २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी याच महासागरातील १० हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा साठ्यांच्या शोधाचा करार केला. शोध म्हणजे खाणकाम नव्हे. पण या गोगलगायीला अन्न पुरवणारे तिच्या शरीरातील जिवाणू झऱ्यातील रसायनांवरच जगतात. झरा गेला, तर तिला दुसरीकडे जगता येणार नाही. म्हणून वाहते झरे खाणकामातून वगळण्याचा निर्णय परवाने देण्याआधीच व्हायला हवा.