गहू भिजत घाला, फोन पुसून ठेवा

2020 साली गुढीपाडव्याच्या दिवशी, 25 मार्चला, करोनामुळे टाळेबंदी लागली. आधी ती 14 एप्रिलपर्यंत होती, मग 3 मेपर्यंत वाढली. भांडी, केर, पत्ते, दूरदर्शनवरचं रामायण आणि उरलेला सगळा वेळ मोबाईल, असा दिवस जायचा. दुसऱ्यांनी काढलेले व्हिडिओ पाहून पाहून डोळे चुरचुरायला लागले होते. म्हणून एक विनंती करते. त्याच मोबाईलवर तुमच्या घराची तीन मिनिटांची एक फिल्म करा. एकच करा, पण पूर्ण करा.

यासाठी मोठा कॅमेरा हवा, शिक्षण हवं, असं ज्यांना वाटतं त्यांनी दादासाहेब फाळके आठवावेत. 30 एप्रिल 2020 ला त्यांच्या जन्माला 150 वर्षं झाली. टाळेबंदी संपण्याची म्हणून जी तारीख सांगितली होती, त्याच 3 मे रोजी, 1913 साली, गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. पण त्याही आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत लावलेल्या वाटाण्याला कोंब कसा फुटतो आणि रोप कसं वाढतं, एवढंच त्यात होतं. कॅमेरा जागचा हलवायचा नाही आणि थोडं थोडं चित्रण करत राहायचं. ती फिल्म पाहून लोकांचा विश्वास बसला आणि पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा राहिला. ‘हरिश्चंद्र’सुद्धा घरच्याच माणसांच्या बळावर झाला. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडली, ती रसायनांत धुतली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडला आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलातल्या साळुंके नावाच्या आचाऱ्याला साडी नेसवली.

आपल्याकडे वाटाण्याऐवजी मटकी आहे. भिजवलेली मटकी ओल्या फडक्यावर ताटात पसरा. फोन डब्याला टेकवून उभा करा, चार्जर लावून ठेवा आणि टाइमलॅप्स सुरू करा. हे रात्री ट्यूबलाइटखाली करावं, म्हणजे उजेड कमीजास्त होत नाही. फडकं सुकू द्यायचं नाही, पण पाणी शिंपडताना ताटाला धक्काही लागू द्यायचा नाही. मुलांना एका जागी बसवणं कठीण असतं, तरी मटकीची राखण ती मनापासून करतात, हे मी पाहिलं आहे.

आमच्या घरी मात्र कुरडयांची फिल्म झाली. चैत्र-वैशाखात वाळवणं होतातच. टाळेबंदीत सोसायटीने गच्चीला कुलूप घातलं, म्हणून सासूबाईंनी गॅलरीत बसतील एवढ्याच करायच्या ठरवल्या. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. तिचा भूगोलाचा पेपर आधी लांबला, मग रद्दच झाला. ती नुसती बसून होती. तिला म्हटलं, “आजी करतील ते सगळं टिपून ठेव.”

पहिल्या दिवशीचं सगळं वाया गेलं. आजी खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, त्यामुळे चेहरा काळा आणि मागे नुसता पांढरा झगमगाट. वर पंख्याची घरघर. फोन उभा धरलेला, म्हणून आजींचे हात कडेला कापले गेलेले. मुलगी रडकुंडीला आली. पण गहू तीन दिवस भिजतात आणि पाणी रोज बदलायचं असतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा होणार होतं. घरकामाचा हा मोठा फायदा आहे. शॉट हुकला तरी उद्या तीच पोळी लाटली जाते, तोच दिवा लावला जातो.

दुसऱ्या दिवशी तिने आजींना खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पांढरी चादर दोरीवर टाकली. सावल्या मऊ झाल्या. पंखा बंद केला. फोन विमान मोडवर टाकला, कॅमेऱ्याची काच सुती फडक्याने पुसली. या पुसण्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही ॲपने पडत नाही. आपल्या फोनवर दिवसभर तेलाचे हात लागतात आणि चित्र धूसर आलं की दोष आपण कॅमेऱ्याला देतो. फोन आडवा धरून तिने दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट धरली, म्हणजे हात हलत नाही. पडद्यावर आजींच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं, म्हणजे फोकस तिथेच राहतो आणि उजेड मागेपुढे होत नाही. काम सुरू होण्याआधी पाच सेकंद आणि संपल्यावर पाच सेकंद जास्तीचं चित्रण केलं. शॉट जोडताना तेच उपयोगी पडलं.

तिने काय काय टिपलं ते सांगते, कारण फिल्म म्हणजे काय हे मला त्यातून समजलं. भिजलेला गहू दोन बोटांत दाबून, पांढरं दूध आलं का, हे पाहणारी आजींची बोटं. वाटलेला गहू पिळताना मनगटापर्यंत आलेला चीक. रात्रभर ठेवलेल्या पातेल्यात वर आलेलं निवळ पाणी आणि ते ओतून टाकताना खालचा चीक हलू नये म्हणून रोखून धरलेला श्वास. मग गॅसवर चीक घाटताना गुठळी होऊ नये म्हणून एका लयीत चाललेला हात. शेवटी गरम चीक सोऱ्यात भरून, प्लॅस्टिकवर गोल गोल पडत गेलेली पहिली कुरडई. ती पडताना आजी नकळत ओठ मुडपतात. वीस वर्षं मी त्यांच्याशेजारी बसून कुरडया घातल्या, ते मुडपलेले ओठ मला कधी दिसले नव्हते. मुलीने फोन त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर, खाली बसून धरला होता, म्हणून ते दिसले. लहान मुलाची फिल्म करतानाही असंच खाली बसा. उभं राहून काढलं की नुसतं डोकं दिसतं.

आवाजाचं काम सगळ्यात अवघड आहे. म्हणून पहिल्या फिल्ममध्ये कुणाला बोलायला लावूच नका. फाळक्यांचे चित्रपटही मुकेच होते. बोलणं हवंच असेल, तर घरातला दुसरा फोन बोलणाऱ्याच्या अगदी जवळ, उशीआड वगैरे ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर चित्राला जोडा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे जोडताना जागा सापडते. टाळेबंदीत रस्त्यावर गाड्या नव्हत्या. भर शहरात कोकीळ ऐकू यायचा, खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची. असे आवाज एरवी आपल्याला मिळत नाहीत, तेव्हा मिळाले तर मागे सिनेमातलं गाणं लावून ते झाकू नका.

नातेवाईक लांब असतील तर तेही फिल्ममध्ये येऊ शकतात. 6 एप्रिल 2020 ला टीव्हीवर दाखवलेली ‘फॅमिली’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अमिताभ बच्चन यांचा काळा चष्मा हरवतो आणि रजनीकांत, मामूट्टी, आलिया भट, सोनाली कुलकर्णी असे सगळे तो शोधतात. दिग्दर्शक प्रसून पांडे, पण प्रत्येकाने चित्रण केलं ते आपापल्या घरात, आणि पाहताना मात्र सगळे एकाच घरात आहेत असं वाटतं. त्यातली युक्ती साधी आहे. अक्षय्य तृतीयेला करून पाहा. नाशिकच्या मावशीने आमरसाची वाटी उजव्या हाताला पडद्याबाहेर न्यायची, नागपूरच्या मामाने तशीच वाटी डावीकडून पडद्यात आणायची. स्टीलची वाटी प्रत्येक घरात असतेच. दिशा एक राहिली की नाशिक आणि नागपूर शेजारशेजारच्या खोल्या होतात.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगते. घरातल्या फिल्ममध्ये बाई नेहमी पडद्यात असते, स्वयंपाक करताना, वाढताना. कॅमेरा तिच्या हातात कधीच नसतो. तिला अर्धा तास मोकळा द्या, तेवढ्या वेळात भांडी दुसऱ्या कुणीतरी घासा, आणि फोन तिला द्या. आम्ही सासूबाईंना दिला. त्यांनी गॅलरीतून खालचा सिमेंटचा बाक टिपला. रोज संध्याकाळी त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी जिथे बसायच्या, तो. चाळीस सेकंद फोन जराही हलला नाही. बाकावर कुणी नाही, एक कुत्रं येतं, हुंगतं, निघून जातं. तो बाक आमच्यापैकी कुणालाही सुचला नसता. मुलीने फिल्मचा शेवट त्यावरच केला.

काही गोष्टी मात्र कृपा करून करू नका. चांगल्या शॉटसाठी कठड्यावर चढू नका. शेजारी कुणी आजारी असेल तर त्याच्या दाराकडे कॅमेरा वळवू नका. टाळेबंदीत रस्त्याने गाठोडी घेऊन गावाकडे चालत निघालेल्या माणसांसारखं कुणी अडचणीत दिसलं, तर त्यांना वरून टिपू नका. घरात थांबणं तेव्हाही सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नव्हतं. अशांना पाणी, जेवण देता आलं तर द्या. रोगांवरचे उपाय सांगणारी फिल्म करू नका, ते काम डॉक्टरांचं आहे. आणि घरातल्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांची फिल्म कुणाला पाठवू नका. सासूबाई म्हणाल्या, “घरातच राहू दे, मी गाऊनवर आहे.” तेव्हा ती घरातच राहिली.

जोडण्यासाठी फोनवर फुकट मिळणारं कुठलंही एडिटिंग ॲप चालेल. चकचकीत अक्षरं आणि उडणारी फुलं घालू नका. एका शॉटमधलं काम संपलं की लगेच तो कापा. तीन मिनिटांपेक्षा जास्त झालं तर आवडता शॉटही काढून टाका, पण त्याची मूळ क्लिप पुसू नका. सगळं चित्रण घरातल्या आणखी एका फोनवर आणि पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. फोन पाण्यात पडतात, हरवतात. माझ्या वडिलांचा आवाज असाच एका जुन्या फोनबरोबर गेला. आज आमच्याकडे त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण ते हाक कशी मारायचे हे माझ्या मुलीला ऐकवायला काही नाही.

तुमच्याकडे आजी असतील, आई असेल, नाहीतर पानाला चुना लावत बसणारे आजोबा असतील. आज संध्याकाळी त्यांना विचारा, या आठवड्यात काय करायचं आहे. कुरडया असतील तर गहू आजच भिजत घाला. ते भिजायला तीन दिवस लागतात. तेवढ्या वेळात खिडकीत ऊन किती वाजता येतं ते पाहून ठेवा.