बंदुकीची चाळिशी

जुन्या लष्करी रायफलीवर दुर्बीण बसवावी काय, आणि बसवायचीच झाल्यास पोलादाला भोक न पाडता बसवावी काय, या प्रश्नावर इंग्लंड-अमेरिकेतील बंदूकप्रेमी मंडळी गेली कित्येक वर्षे हमरीतुमरीवर येत आली आहेत. साहित्याच्या पानावर हा विषय आणण्याचे कारण इतकेच की, या वादातील दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आपण पाठचिकित्सेच्या तासाला ऐकलेले असतात. फरक असलाच तर हा, की पोथीवर हरताळ फिरवला तरी दुसरी पोथी कुठेतरी सापडण्याची आशा असते; पोलादावर कानस फिरली की ते पोलाद गेले.

मुळात दुर्बीण लागते कशाला? पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातील रायफलींवर नेम धरण्याची सोय अगदी साधी असे. डोळ्याजवळ एक खाच किंवा छिद्र, नळीच्या टोकाला माशी, आणि पुढे लक्ष्य. या तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. विशीतल्या शिपायाचा डोळा ही कसरत नकळत करतो. चाळिशी उलटली की माशी धूसर होते आणि माशी धूसर झाली की नेमाला अर्थ उरत नाही. दुर्बिणीत लक्ष्य आणि काटरेषा एकाच पातळीवर दिसतात. म्हणजे येथे दुर्बीण हे दूरचे मोठे करून पाहण्याचे साधन तितकेसे नाही, ती बंदुकीला लावलेली चाळिशी आहे. मराठीने वयाला आणि चष्म्याला एकच शब्द दिला आहे, त्याची सार्थता येथे पटते. आजोबांच्या काळची रायफल ज्यांना केवळ भिंतीवर टांगायची नाही, मैदानावर चालवायची आहे, अशा पन्नाशी-साठीच्या माणसांना दुर्बीण हवीशी वाटणे हा काही गुन्हा नव्हे. शुद्धतावाद्यांनी हे आधी मान्य करायला हवे.

पण त्यांचा राग कशातून आला तेही पाहायला हवे. दुसरे महायुद्ध संपल्यावर निकामी ठरलेल्या लष्करी रायफली अमेरिकेत अक्षरशः पिंपात उभ्या करून विकल्या जात. टपालाने मागवता येत. 1968 च्या कायद्याने हा टपालव्यवहार आणि परदेशी लष्करी बंदुकांची आयात बंद केली. तोवर लाखो बंदुका घरोघरी पोहोचल्या होत्या. स्वस्त वस्तूविषयी आदर नसतो. हरणाच्या शिकारीसाठी सोईची व्हावी म्हणून लोकांनी त्यांचे पुढचे लाकूड करवतीने कापले, नळी आखूड केली, मागचा नेमदर्शक काढून फेकून दिला आणि माथ्यावर गिरमिटाने भोके पाडून, आटे पाडून दुर्बिणीची बैठक बसवली. ब्रिटिश ली-एनफील्डवर काडतुसांची पट्टी खोचण्यासाठी एक छोटा पोलादी पूल असतो. तो दुर्बिणीच्या आड येतो म्हणून घासून सपाट केला. आज अखंड रायफलीला भाव आला आहे आणि या कापलेल्या बंदुका कवडीमोलाने पडून आहेत. भावाचे सोडा, पण त्या पुलाशिवाय ली-एनफील्ड म्हणजे अर्धे विधान आहे. पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या त्या पुलात खोचून दहा काडतुसांची पेटी भरण्याची जी गती, तीच त्या बंदुकीची कीर्ती होती.

यावर उपाय म्हणून जी भोक न पाडणारी बैठक आली, तिची युक्ती साधी आहे. बंदुकीवर आधीपासून जी भोके आणि खाचा आहेत त्यांचाच आधार घ्यायचा. रशियन मोसिन-नागांतवर मागच्या नेमदर्शकाची पट्टी एका आडव्या खिळीने धरलेली असते. खिळी ठोकून काढली की पट्टी सुटते आणि तेथे, त्याच खिळीवर, दुर्बिणीसाठी पोलादी पट्टा बसतो. जर्मन माउझरवरही साधारण हेच. ली-एनफील्ड नंबर चारवर नेमदर्शकाच्या आसाचे छिद्र आणि तो पोलादी पूल यांना धरून बैठक आवळतात. एक तोळा पोलादही कापावे लागत नाही. मोसिन आणि माउझर यांच्या बाबतीत दुर्बीण डोळ्यापासून फार पुढे जाते. नेहमीची दुर्बीण तीन-चार इंचांवरून पाहायची असते. येथे नऊ-दहा इंचांवरून दिसेल अशी खास दुर्बीण लागते आणि तिची वर्धनशक्ती बेताचीच असते. ही कल्पना मात्र नवी नाही. जर्मनांची झेडएफ-41 ही दीडपट वर्धनाची चिमुकली दुर्बीण नेमदर्शकाच्याच जागी, एका बाजूच्या पट्ट्यावर चढे, आणि मूळ नेमदर्शक तसाच वापरात राही.

या बैठकांविरुद्धच्या तक्रारी खऱ्या आहेत. धक्क्याने स्क्रू सैल होतात आणि नेम सरकतो. दुर्बीण उंच बसते. गाल दस्त्यावर टेकेनासा होतो आणि हनुवटी हवेत राहते. ली-एनफील्डवर दुर्बीण बोल्टच्या माथ्यावर आल्याने पट्टीने काडतुसे भरता येत नाहीत, एकेक भरावे लागते. शिवाय ‘कायमचा बदल नाही’ ही जाहिरात सर्वस्वी खरी नाही; आवळलेल्या स्क्रूचे टोक पोलादावरच्या निळसर थरावर ओरखडा उमटवतेच. आम्हांला ही किंमत रास्त वाटते. ज्याला अचूकताच हवी त्याने नवी रायफल घ्यावी, ती स्वस्तही पडेल. जुनी बंदूक चालवणारा तिच्या अडचणींसकट तिला चालवू इच्छितो, आणि थोडी गैरसोय सोसून ती पुढच्या माणसासाठी अखंड ठेवणे हा त्याच हौसेचा भाग आहे.

येथवर आम्ही शुद्धतावाद्यांच्या बाजूने आहोत. पण ‘लष्करी बंदुकीला भोक पाडणे म्हणजे इतिहासाची हत्या’ असे सरसकट म्हटले जाते तेव्हा आम्हांला थांबावे लागते, कारण पहिली भोके लष्करांनीच पाडली. ब्रिटिशांनी कारखान्यातून अधिक नेमक्या निघालेल्या नंबर चार रायफली निवडून, 1942 पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या शिकारी बंदुकांच्या पेढीकडे पाठवल्या. तिथे त्यांच्या डाव्या अंगावर दुर्बिणीसाठी दोन पोलादी गाद्या स्क्रूने बसल्या, दस्त्यावर गालासाठी लाकडी उशी चढली आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मनगटावर ठोकला गेला, जेणेकरून जोडी फुटू नये. अमेरिकन गॅरंडमध्ये आठ काडतुसांची क्लिप वरून जाते, म्हणून दुर्बीण डावीकडे सरकवावी लागली. गालासाठी मात्र त्यांनी चामड्याची उशी नाडीने बांधली, जी हवी तेव्हा सोडता येई. रशियनांनी मोसिनच्या डाव्या कुशीत भोके पाडून साडेतीनपट वर्धनाची पीयू दुर्बीण चढवली. तिच्या आड येते म्हणून बोल्टची सरळ मूठ खाली वाकवली. युद्धानंतर यांतल्या कितीतरी बंदुकांची दुर्बीण उतरवून, भोके बुजवून, त्या साध्या शिपायाच्या म्हणून पुन्हा भांडारात गेल्या. आज संग्राहक भिंगाखाली ती बुजवलेली भोके शोधत असतात. त्यांच्या लेखी तो व्रण हाच त्या बंदुकीतला सर्वांत मोलाचा मजकूर.

तेव्हा प्रश्न भोकाचा नाही. बदल कोणी, कधी, कशासाठी केला हे पुढच्याला वाचता येते की नाही, हा आहे. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत आपण नेमके येथेच अडकलो आहोत. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, बिघडलेल्या प्रती पाहून ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये असे बजावले. हेतू निर्मळ, अधिकार निर्विवाद. तरीही नाथांनी नेमके काय गाळले, काय बदलले, हे त्या शुद्ध प्रतीवरून कळत नाही. 1909 मध्ये वि. का. राजवाड्यांनी एक पोथी एकनाथपूर्व म्हणून छापली, तिच्या अस्सलपणाविषयी वाद झाले, आणि ते वाद निर्णायकपणे मिटवण्याचे साधन आपल्या हाती उरले नाही. उलट पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहा. 1919 मध्ये हाती घेतलेले ते काम 1966 मध्ये पुरे झाले. सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीने जे जे श्लोक संहितेतून बाहेर काढले ते तळटिपांत आणि परिशिष्टांत जपले गेले. ज्याला संपादकांचा निर्णय मान्य नाही त्याने तळटीप उचलून वर ठेवावी. वाट मोकळी आहे. आमच्या मते आवळून बसवलेल्या दुर्बिणीचे मोठेपण हेच. ती लावणारा आपला निर्णय घेतो आणि उलट निर्णयाचा रस्ता बुजवत नाही.

याची दुसरी, काळी बाजूही आहे. नेमबाजाच्या अस्सल रायफलीला मोठा भाव येतो, म्हणून साध्या मोसिनला आज भोके पाडून, मूठ वाकवून, ‘पीयू’ म्हणून विकणारे कमी नाहीत. शिकारीसाठी कापाकापी करणारा निदान आपण काय केले ते लपवत नव्हता. हा प्रकार खोट्या पुष्पिकेच्या जातीचा: पोथी जुनीच, पण लेखनकाल पुसून शंभर वर्षे मागचा लिहिलेला.

आपल्याकडे ही चर्चा तशी लांबची, कारण थ्री-नॉट-थ्री सामान्य परवान्यावर मिळत नाही. ती आपण पाहिली ती पोलिसांच्या खांद्यावर. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती होती तीही हीच. इशापूरच्या कारखान्याने 1960 च्या दशकात याच घाटाची 7.62 मिलिमीटरची रायफल घडवली आणि नेमदर्शकावरचा दोन हजारांचा आकडा आठशेवर आणला. कागदावरच्या पल्ल्यापेक्षा प्रत्यक्षातला पल्ला मान्य करणारी ही दुरुस्ती आम्हांला मोठी प्रांजळ वाटते. अमेरिकेत आणि कॅनडात गेलेल्या इशापुरी रायफली आता तेथील हौशी लोकांच्या हाती आहेत, आणि त्यांच्यावरही दुर्बिणी चढत आहेत.

त्यांनी एवढे करावे: काढलेली पट्टी, खिळी आणि बारीक स्प्रिंग एका पाकिटात घालून, त्यावर बंदुकीचा क्रमांक, बैठक बसवल्याची तारीख आणि कोणता स्क्रू कुठे टेकला ते लिहून ठेवावे. बंदूक विकताना दुर्बीण हवी तर स्वतःकडे ठेवावी. ते पाकीट बंदुकीबरोबर जाऊ द्यावे.