‘संगीत ही विश्वभाषा’ : एका आळसाचे तत्त्वज्ञान

१

संगीत-महोत्सवांच्या उद्घाटनांत, संगीतविषयक ग्रंथांच्या प्रस्तावनांत आणि विद्यापीठीय चर्चासत्रांच्या बीजभाषणांतही एक विधान इतक्या सहजतेने केले जाते, की ते विधान आहे आणि म्हणून खोटेही असू शकते, याचा ऐकणाऱ्याला विसर पडावा. ते विधान असे : संगीत ही विश्वभाषा आहे. काव्याला अनुवाद लागतो, संगीताला लागत नाही. शब्द माणसांना वेगळे करतात, स्वर त्यांना जोडतात. टाळ्या पडतात आणि सभा पुढे सरकते.

या विधानाचा प्रतिवाद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते असत्य आहे एवढे म्हणून थांबता येणार नाही. असत्य विधाने पुष्कळ असतात आणि त्यांतील बरीचशी निरुपद्रवी असतात. हे विधान उपद्रवी आहे. उदारतेचा आव आणून ते दुसऱ्याचे संगीत शिकण्याच्या जबाबदारीतून आपली सुटका करते. जे आधीच समजलेले आहे, ते शिकावयाचे कशाला?

साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात हा वाद कशासाठी, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर असे, की साहित्यसमीक्षेनेच संगीताला या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. सर्व कला संगीताच्या अवस्थेकडे झेपावतात, असे वॉल्टर पेटरने १८७७ मध्ये म्हटले, तेव्हापासून आशय आणि रूप यांच्या एकात्मतेचा मुद्दा निघाला की संगीताची साक्ष काढली जाते. मराठी सौंदर्यविचारही त्याला अपवाद नाही. साक्षीदाराची उलटतपासणी मात्र क्वचितच झाली.

२

विश्वभाषेच्या कल्पनेचे सर्वांत भव्य स्मारक पृथ्वीवर नाही. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने सोडलेल्या दोन वॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसविलेली आहे. तीत सुमारे नव्वद मिनिटांचे, सत्तावीस रचनांचे संगीत आहे. बाख, बेथोवन व मोझार्ट यांच्या सोबतीला जावा, जपान, सेनेगल, बल्गेरिया, पेरू अशा ठिकाणचे संगीत आहे, आणि केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवीही आहे. या भैरवीची शिफारस करणारे रॉबर्ट ब्राउन हे वंशसंगीतशास्त्राचे जाणकार अभ्यासक होते. त्यांच्या निवडीबद्दल तक्रार नाही. ५ सप्टेंबरला दुसरे यान सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. या योगायोगाने आपण हेलावून जातो आणि गोव्यातील केरी गावच्या या गायिकेचा स्वर ताऱ्यांपर्यंत पोहोचला, असे अभिमानाने लिहितो.

परंतु पोहोचले ते काय? भैरवी हा मैफलीचा निरोप असतो. तिच्या आधी झालेल्या विलंबित ख्यालांची स्मृती, रात्र सरल्याची जाणीव, उठण्याची चाहूल हे सारे तिच्या अर्थाचे घटक आहेत. तबकडीवर निरोप आहे, मैफल नाही. शिवाय ज्या जयपूर-अत्रौली गायकीचे वैशिष्ट्य रागाच्या सावकाश, पेचदार बांधणीत आहे, ती साडेतीन मिनिटांत मावत नाही. ही काळाची चौकट त्या गायकीची नसून ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची आहे. म्हणजे ‘भारतीय संगीत’ म्हणून जे धाडले गेले, त्याच्या आकाराचा निर्णय यंत्राच्या मर्यादेने आधीच घेतला होता.

भैरवीच्या अगदी आधीची रचना अधिक बोलकी आहे. गुछिन या चिनी तंतुवाद्यावर गुआन पिंगहू यांनी वाजविलेली ‘वाहते पाणी’ ही ती रचना, तबकडीतील सर्वांत दीर्घ रचनांपैकी एक. चिनी परंपरेत हिचा संबंध बो या आणि चोंग त्सची यांच्या कथेशी जोडला जातो. बो या वाजवी, तेव्हा त्याच्या मनात पर्वत आहे की पाणी, हे चोंग त्सचीला अचूक उमगे. तो मित्र वारल्यावर बो याने वाद्य मोडून टाकले. ऐकणारा उरला नव्हता. ‘नाद जाणणारा’ या अर्थाचा शब्द चिनी भाषेत जिवलग मित्रासाठी रूढ झाला तो या कथेवरून. संगीत समजणारा माणूस आयुष्यात एखादाच भेटतो, असे सांगणारी कथा जिला चिकटलेली आहे, तीच रचना ‘संगीत कोणालाही समजते’ या श्रद्धेच्या तबकडीवर कोरली गेली. विश्वभाषावाद्यांनी या विसंगतीचा विचार करावा.

३

पाश्चात्त्यांच्या अज्ञानाला हसणे सोपे आहे. १९७१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या बांगलादेश-साहाय्य मैफलीत वाद्ये जुळविणे संपताच श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या, हा किस्सा आपण चवीने सांगतो. आपली पाळी आली की आपण काय करतो?

पदव्युत्तर वर्गात मी एकदा वर उल्लेखिलेली गुछिनची रचना ऐकविली. दोन मिनिटांत एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, हा तर भूप!’’ वर्गाने सुटकेचा निःश्वास टाकला. मीही पहिल्यांदा ऐकली तेव्हा हेच म्हणालो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. ही प्रतिक्रिया आस्वादाची दिसते. प्रत्यक्षात ती आस्वाद थांबविणारी आहे. ‘भूप’ म्हटल्याबरोबर ऐकणे संपले. गुछिनमध्ये एकच स्वर मोकळ्या तारेवर, दाबलेल्या तारेवर आणि तारेला निसटता स्पर्श करून असा निरनिराळ्या पोताने निघतो. त्या परंपरेची स्वरलिपी स्वराच्या कालमूल्यापेक्षा बोटांची क्रिया नोंदविते. कानाने तेथे जावयास हवे होते. तो आरोह-अवरोहाच्या नोंदवहीत अडकून पडला.

अधिक गंभीर बाब अशी, की हे उत्तर आपल्याच शास्त्राप्रमाणे चूक आहे. सा रे ग प ध हे पाच स्वर म्हणजे भूप नव्हे. हेच पाच स्वर देशकारातही आहेत. एकात गंधार वादी, दुसऱ्यात धैवत; एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा; एकाचा थाट कल्याण, दुसऱ्याचा बिलावल. स्वर तेच राहून राग बदलतो, हे ज्या परंपरेला इतक्या सूक्ष्मतेने ठाऊक आहे, तिच्या वारसांनी पाच स्वर ऐकताच चिनी, जपानी, स्कॉटिश असे सारे संगीत भूपाच्या खात्यात जमा करावे, हे आपल्याच विद्येचे विस्मरण होय.

तालाच्या बाबतीतही असेच घडते. त्याच तबकडीवर जावाच्या गमेलानची ‘पुष्पवर्ण’ ही रचना आहे. तिचा आकृतिबंध ‘कतावांग’ या प्रकारचा : सोळा ठोक्यांचे आवर्तन, शेवटी मोठ्या गाँगचा आघात. नाव संस्कृत, मात्रा सोळा. आपला कान निर्धास्त होतो आणि त्रितालाची सम शोधू लागतो. गाँग वाजला की ‘सम आली’ म्हणून मान हलते, आणि ती नेमकी उलट्या जागी हलते. आपल्याकडे सम ही आवर्तनाची पहिली मात्रा. तेथे गाँग सोळाव्या ठोक्यावर पडतो आणि आवर्तन मिटवितो. सारे वजन शेवटाकडे कललेले असते. दोन्हीकडे सोळा मोजून काळाचे दोन भिन्न अनुभव येतात. मोजदाद जुळली म्हणून अर्थ जुळला, असे मानणे हा येथील हेत्वाभास आहे.

४

आता विश्वभाषावादाचे तात्त्विक समर्थन पाहू. ते बहुधा रूपवादाकडून येते. संगीताचा आशय म्हणजे नादाचे गतिमान आकार, असे एदुआर्द हान्सलिकने १८५४ मध्ये मांडले. आशय आकारातच असेल, तर संस्कृतीची मध्यस्थी लागू नये. परंतु त्याच ग्रंथात दक्षिण समुद्रातील बेटवासीयांच्या गायनवादनाला हान्सलिक संगीत मानावयास तयार नाही. विश्वव्यापी रूपाची व्याख्या करणाऱ्याने व्हिएन्नाबाहेरच्या रूपासमोर दार लावून घ्यावे, हा अपघात नव्हता. त्याच्या ‘रूपा’चे मोजमाप व्हिएन्नातच घेतलेले होते.

आपल्याकडे बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सर्व ललित कलांचा एक सिद्धान्त उभारला. त्या सिद्धान्ताचे मराठी समीक्षेवरील ऋण मान्य करूनही एक प्रश्न विचारावा लागतो : संवाद कोणाच्या कानाला? बालीच्या गमेलानमध्ये वाद्ये जोडीने बनवितात आणि जोडीतील एक मुद्दाम किंचित चढे जुळवितात. दोन्ही एकदम वाजली की नादात थरथर उठते. तिला तेथे ‘ओम्बाक्’, म्हणजे लाट, म्हणतात. ती नसेल तर वाद्यमेळ निर्जीव ठरतो. पियानो जुळविणारा कारागीर एकाच स्वराच्या तारांमधली हीच थरथर दोष म्हणून काढून टाकतो. एकाचा संवाद तो दुसऱ्याचा विरोध.

यावर मर्ढेकरांचा अनुयायी म्हणेल, की तत्त्वे विश्वव्यापी आहेत, त्यांचे विनियोग तेवढे भिन्न. हा बचाव तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र त्याची किंमत मोठी आहे. कोणत्या नादसंबंधाला संवाद म्हणावयाचे हे प्रत्येक संस्कृती ठरविणार असेल, तर सिद्धान्तात उरते ते एवढेच, की कलाकृतीत काही सारखे, काही वेगळे आणि काही तोलून धरलेले असते. ते नाकारण्याजोगे नाही आणि त्याने काही उलगडतही नाही.

मोजमापाचा पुरावा तर फार जुना आहे. निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वरसप्तकांचे मापन करून ॲलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्येच निष्कर्ष काढला होता, की निसर्गदत्त असे एकच सप्तक नाही. अलीकडचे प्रयोगही या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोलिव्हियातील त्सिमाने लोकांनी पाश्चात्त्य कानाला सुसंवादी आणि विसंवादी वाटणारे स्वरसमूह सारखेच सुखद ठरविले. उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २००९ मध्ये कॅमेरूनच्या माफा लोकांनी पूर्वी न ऐकलेल्या पाश्चात्त्य संगीतातील आनंद, दुःख व भय हे भाव निव्वळ अंदाजाहून अधिक वेळा ओळखले. २०१८ च्या अभ्यासात साठ देशांतील श्रोत्यांना शहाऐंशी लहान समाजांतील गाण्यांचे चौदा-चौदा सेकंदांचे तुकडे ऐकविले. नृत्यगीते आणि अंगाईगीते त्यांना बऱ्यापैकी ओळखता आली.

विश्वभाषावाद्यांना यात विजय दिसेल. परंतु सिद्ध झाले ते काय? अंगाई ही अंगाई आहे, हे कळले. अनोळखी भाषेतील माणूस ओरडतो आहे की कुजबुजतो आहे हेही आपल्याला कळते. म्हणून ती भाषा आपल्याला येते असे कोणी म्हणत नाही. आणि त्याच अभ्यासात प्रेमगीतांपाशी श्रोत्यांचा अंदाज फसला, हे विसरता कामा नये. शरीराच्या जवळचे जेवढे, तेवढे ओळखू येते. जेथे रीत, संकेत आणि लज्जा सुरू होतात, तेथे कान थबकतो. कलासंगीताचा बहुतेक प्रदेश त्या पलीकडेच आहे.

५

येथवर सहमत होणारे काही वाचक मला नको असलेल्या निष्कर्षाकडे निघाले असतील. प्रत्येक संस्कृतीचे संगीत त्या मातीतल्यालाच कळते. बाहेरच्याने दुरून नमस्कार करावा. देशीयतेच्या चर्चेने मराठी समीक्षेला आत्मभान दिले हे खरे. पण त्या परिभाषेचा सोयीस्कर वापर करून जन्माला ज्ञानाचे प्रमाणपत्र मानण्याची वृत्तीही आपल्याकडे बोकाळली. ही भूमिका विश्वभाषावादाच्या विरुद्ध दिसते, परंतु ती त्याचीच जुळी बहीण आहे. एक म्हणते, शिकण्याची गरज नाही. दुसरी म्हणते, शिकून उपयोग नाही. दोघींनाही अभ्यास नको आहे.

या दुसऱ्या भूमिकेचे खंडन करण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. केसरबाईच पुरेशा आहेत. राजस्थानातील उनियाऱ्यात जन्मलेले अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारी आले आणि पुढे मुंबईत राहिले. त्यांची विद्या आत्मसात केली ती भास्करबुवा बखले यांनी, गोव्याच्या कलावंत समाजातील केसरबाईंनी आणि मोगूबाई कुर्डीकरांनी. धर्म, भाषा, प्रदेश आणि जात यांपैकी काहीही गुरुशिष्यांत समान नव्हते. केसरबाईंनी १९२१ पासून वर्षानुवर्षे तालीम घेतली. आज जी गायकी महाराष्ट्राला ‘आपली’ वाटते, ती वारशाने आलेली नाही. ती शिकून मिळविलेली आहे. अल्लादिया खाँसाहेबांनी ‘स्वर सर्वांना समजतात’ म्हणून तालीम टाळली नाही, आणि ‘परक्याला काय कळणार’ म्हणून दारही लावले नाही.

मँटल हूड यांनी १९६० मध्ये ‘द्विसंगीतत्व’ अशी कल्पना मांडली : परके संगीत अभ्यासणाऱ्याने ते गावे-वाजवावे, दुसरी भाषा शिकावी तसे. जॉन ब्लॅकिंग यांनी दक्षिण आफ्रिकेतील व्हेंडा समाजात राहून, १९७३ च्या आपल्या पुस्तकात माणूसमात्राच्या संगीतक्षमतेचा पुरस्कार केला. क्षमता सार्वत्रिक आहे. संगीत सार्वत्रिक नाही. प्रत्येक मूल बोलू शकते, म्हणून जगात एकच भाषा आहे असे होत नाही. आपल्या काव्यशास्त्रालाही हे नवे नाही. अभिनवगुप्ताचा सहृदय काव्याच्या सततच्या अभ्यासाने घडतो. अनुशीलनावाचून सहृदयत्व देणारी सवलत त्याने कोणाला दिली नव्हती.

६

या वादात पणाला काय लागले आहे? एक तर आपले अभ्यासक्रम. संगीत विश्वभाषा असेल, तर जावाच्या किंवा जॉर्जियाच्या संगीतासाठी वेगळी तासिका ठेवण्याचे कारण उरत नाही. ‘तौलनिक’ या शब्दाखाली राग आणि सिंफनी यांची दोन पानी तुलना भागते. दुसरे, आपले घर. संगीताला सीमा नसतात असे सभेत सांगणारा रसिक गोंधळ्याच्या संबळाला आणि किंगरीच्या स्वराला ‘लोकरंजन’ म्हणून बाजूला सारतो, तेव्हा त्याची विश्वभाषा त्याच्या सभागृहाच्या दारापर्यंतच चालते, हे उघड होते. ज्या कानाला शेजारच्या गल्लीतील संगीत शिकावे लागेल असे वाटत नाही, तो बालीचे काय शिकणार?

केसरबाईंच्या त्या भैरवीचे शीर्षक एक प्रश्न आहे : ‘जात कहाँ हो’. ऐकणाऱ्याने कोठे जावयाचे, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारू शकतो. स्वर आपल्यापर्यंत येऊन पोहोचतील, या भरवशावर जागीच बसून राहणे शक्य आहे. शंभर वर्षे आपण तेच केले. माझ्या वर्गात आता गुछिनची रचना सलग तीनदा ऐकवून होईपर्यंत रागाचे नाव घेण्यास मनाई आहे. पहिल्या वेळी मुले अस्वस्थ होतात. तिसऱ्या वेळी एखादा विचारतो, की ही तार दाबून वाजविली की मोकळी. समज तेथून सुरू होते.