गाडी इलेक्ट्रिक, पण दुरुस्ती कुणाकडे?

पेट्रोल परवडेना म्हणून आपल्या मोहल्ल्यांतही इलेक्ट्रिक स्कूटर वाढल्या. दूध टाकणारे, पार्सल पोहोचवणारे, कितीतरी जणांची रोजी-रोटी आता बॅटरीवर चालते. गाडी बंद, तर कमाईही बंद.

चौकातला मिस्त्री इथे हात टेकतो. हब मोटरमधला छोटासा हॉल सेन्सर तो बदलेलही, पण सुटा भाग मिळायला हवा ना! बॅटरीतले मोजके सेल कमजोर झाले, तरी बीएमएस अख्खा पॅक बंद करू शकतो. पॅक सीलबंद, म्हणून उत्तर ठरलेलं: नवा घ्या. सील तोडून जुगाड करावा, तर आगीचा धोका आणि वॉरंटीही जाते.

सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एकट्या ओला इलेक्ट्रिकविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली, ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्या, असं कंपनीचं म्हणणं. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं खरं, पण पोर्टल म्हणजे माहिती, सक्ती नव्हे.

तेव्हा सवलत बघण्याआधी आपण तीन गोष्टी विचारू या: सर्व्हिस सेंटर किती लांब? बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, आणि तिच्यात काय बसत नाही? वॉरंटीनंतर पॅकची किंमत काय? जॉबकार्ड आणि बिल जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर १९१५ वर फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. गप्प बसणाऱ्याचा हक्क कुणी घरी आणून देत नाही.