लागणीची तारीख कोणाच्या वहीत?



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गट ऑफिसात सर्वांत जास्त भांडणे लागणीच्या तारखेवरून होतात. दराची चर्चा पारावर होते. तारखेची मात्र थेट आमच्या टेबलावर.

२०२४-२५ च्या हंगामातील गोष्ट. एक सभासद तावातावाने आले. "साहेब, बांधाला बांध लागून शेजाऱ्याचा ऊस तुटला, माझा उभाच. लागण दोघांची एकाच वेळची!" आम्ही नोंदवही काढली. शेजाऱ्याची नोंद १० ऑगस्ट २०२३, यांची २८ ऑगस्ट. ते म्हणाले, "छे! नागपंचमीला लावलाय." त्या वर्षी अधिक श्रावण असल्याने नागपंचमी आली २१ ऑगस्टला. सोबत आलेल्या त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, अधिकाच्या वाणाला लेक-जावई आले होते, तवा रानात लावण चालू होती की." अधिक महिना संपला १६ ऑगस्टला. म्हणजे एकाच प्लॉटच्या तीन तारखा झाल्या आणि कागदावर एकच, आमची. तोडणीचा प्रोग्राम कागदावर चालतो. पाळी चुकली, टोळी दुसऱ्या गटात गेली, परत यायला फेब्रुवारी उजाडला. तोवर उसाला तुरा येऊन कांड्या पोकळ झाल्या आणि वजन घटले.

आता खरे काय ते बोलले पाहिजे. लागणीच्या दिवशी आमचा फिल्डमन प्रत्येक शिवारात हजर नसतो. आठ-पंधरा दिवसांनी जातो. त्याने विचारून तारीख लिहिली की स्वतः गेला ती लिहिली, हे आम्हीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या माउलीची आठवण खरी असावी, असे आम्हांला आजही वाटते. पण नुसत्या आठवणीवर पाळी बदलली तर दुसऱ्या दिवशी आणखी दहाजण दारात, म्हणून बदलली नाही. ते बरोबर केले, असे म्हणवत नाही.

पुष्कळ सभासद म्हणतात, "आम्ही कॅलेंडरवर लिहितो की." चांगले आहे. पण आडसाली ऊस दीड वर्ष रानात राहतो आणि कॅलेंडर डिसेंबरअखेर भिंतीवरून उतरते. पोरे त्याची पुस्तकांना कव्हरे घालतात! दुधाचे मात्र तसे नाही. डेअरीच्या पुस्तकात अर्धा लिटर कमी लागला तर आपण त्याच संध्याकाळी जाऊन भांडतो. ज्या पिकावर वर्षाचा प्रपंच, त्याची वही मात्र घरात सापडत नाही.

फार लिहायचे नाही. गट नंबर, उसाची जात, बेणे कोठून आणले, लागणीची तारीख. पुढे खत. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, तेही चार हप्त्यांत. शेवटचा मोठ्या बांधणीला. मधला हप्ता दिला की राहिला, हे दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. मग एकाच रानात दोनदा युरिया पडतो, नाहीतर पडतच नाही. खोडव्याचे वय तोडणीपासून धरायचे, म्हणून टोळी रानातून निघाली त्याच दिवशी तारीख टाका. काट्याच्या पावत्या वहीतच ठेवा आणि पंधरवड्याच्या बिलाशी ताडून पाहा. बाकी जमेल तसे.

२०२१ पासून ई-पीक पाहणीत आपले पीक आपणच मोबाईलवरून सातबाऱ्याला लावतो. सरकारदरबारी शेतकऱ्याने स्वतः केलेली नोंद चालते, तर आपल्याच कारखान्यात का चालू नये? आमचे मत असे, की नोंद दोन्हीकडे हवी आणि दोन्हीकडे सही हवी. यंदा फिल्डमन नोंदीला आला की त्याच्या वहीत काय तारीख पडली ती वाचून घ्या, आपल्या वहीत तीच लिहा आणि खाली त्याची सही घ्या. तो कां-कूं करू लागला तर गट ऑफिसात निरोप ठेवा. आम्ही स्वतः रानात येऊन सही करू.

– ऊस विकास अधिकारी