शेवटच्या धावपटूचा संघ

सकाळी मैदानात धावणारी मंडळी दिसली की आपल्यातील पुष्कळजण म्हणतात, ‘हे आपले काम नव्हे.’ आईचे गुडघे दुखतात, वडील रात्रपाळी करून आलेले असतात, थोरल्याचे पोट सुटलेले असते. आणि घरात एखादे मूल दृष्टिहीन असेल, एखाद्याचा पाय अपघातात गेला असेल, तर त्याच्या बाबतीत हा विषयच निघत नाही. त्याने घरी बसायचे, हे जणू ठरलेले असते. आज आम्ही हाच विषय काढणार आहोत. धावणाऱ्यांच्या संघात त्याला जागा का नसावी?

संघ म्हटला की निवड आली, आणि निवड आली की कुणाला तरी वगळणे आले, ही समजूत शाळेपासून आपल्या मनात बसलेली असते. पण निवड न करणारे संघही जगात आहेत आणि ते उत्तम चालले आहेत.

अमेरिकेतील डिक ट्रॉम यांना १९६५ साली पेट्रोल पंपावर मोटारीची धडक बसली आणि त्यांचा एक पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १९७६ साली त्यांनी कृत्रिम पायावर न्यूयॉर्कची मॅरेथॉन पूर्ण केली. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्या शर्यतीचा विजेता बिल रॉजर्स सव्वादोन तासांच्या आत पोहोचला होता. ट्रॉम यांना सात तासांहून अधिक वेळ लागला. पण ते पोहोचले! पुढे १९८३ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘अकिलीस ट्रॅक क्लब’ काढला. दृष्टिहीन, चाकांच्या खुर्चीवरचे, कुबडी घेऊन चालणारे, कुणीही यावे आणि सोबत धडधाकट माणसांनीही धावावे, अशी त्याची रीत. आज हीच संस्था ‘अकिलीस इंटरनॅशनल’ या नावाने अनेक देशांत काम करते.

अशा संघात काम कसे चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. दृष्टिहीन धावपटूबरोबर एक जोडीदार धावतो. दोघांच्या हातात एका छोट्या दोरीची दोन टोके असतात. जोडीदाराने ओढायचे नसते, ढकलायचेही नसते. त्याने आपले पाऊल आणि हाताचा झोका समोरच्याशी जुळवून घ्यायचा आणि आधी सूचना द्यायची: ‘पुढे डावीकडे वळण आहे’, ‘तीन पावलांवर खड्डा आहे’. वेग धावपटूने ठरवायचा, जोडीदाराने नव्हे. मोठ्या स्पर्धांत तर नियमच आहे की अंतिम रेषा धावपटूने आधी ओलांडायची, जोडीदाराने मागून. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये आपल्या देशाच्या सिमरन शर्मा हिने महिलांच्या २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा तिच्यासोबत अभय सिंह हा जोडीदार धावत होता.

मदत आणि मेहरबानी यांतला फरक त्या दोरीत आहे, असे आम्हांस वाटते. मेहरबानी करणारा पुढे उभा राहून हात देतो. हा जोडीदार शेजारी धावतो, घाम गाळतो आणि शेवटी एक पाऊल मागे राहतो.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ जण ५ किलोमीटर धावण्यासाठी जमले. त्यातून ‘पार्करन’ ही चळवळ उभी राहिली. दर आठवड्याला, विनामूल्य, धावत किंवा चालत, जसे जमेल तसे. त्यात एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागे चालतो. त्यामुळे आलेल्यांपैकी कुणीच शेवटचा ठरत नाही. शेवटची जागा संघाने आपल्याच माणसाला देऊन टाकलेली असते. केवढी साधी युक्ती! पण ‘मी शेवटी राहीन, लोक हसतील’ या एका भीतीने घरी बसलेली किती माणसे ती बाहेर काढते.

आता आपल्याकडे पाहू. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्यात दिव्यांगांसाठी वेगळी शर्यत असते, ज्येष्ठ नागरिकांसाठीही असते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती वर्षातून एकदा. उरलेले दिवस तो मुलगा कुठे असतो? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, तर एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. आपल्या मैदानात सकाळी त्यांतले कितीजण दिसतात, ते ज्याचे त्याने पाहावे.

कायदा त्यांच्या बाजूचा आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. याच कायद्याच्या कलम ३० प्रमाणे खेळात भाग घेणे हा दिव्यांगांचा हक्क आहे आणि क्रीडा संस्थांनी तो मानून तशी सोय केली पाहिजे. पूर्वी ‘अपंग’ म्हणत, आता ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द बदलला. पाहुणे आले की त्या मुलाला आतल्या खोलीत बसवण्याची सवय बदलली का? हा प्रश्न सरकारला नाही, आपल्या घराला आहे.

तुमच्या भागात धावणाऱ्यांचा गट असेल तर तेथे जाऊन सरळ विचारा: सर्वांत हळू चालणाऱ्यासोबत कोण असते? मागचा येईपर्यंत बाकीचे थांबतात का? दृष्टिहीन मुलीला जोडीदार मिळेल का, आणि तिला हवी असल्यास स्त्री जोडीदार मिळेल का? ऐकू न येणाऱ्याला सुरुवातीची खूण हाताने किंवा झेंड्याने करता का? चाकांची खुर्ची आत नेता येईल असे फाटक आहे का? उत्तरे कशी येतात त्यावरून संघ कळतो. ‘नाही, पण करू’ हे उत्तर आले तरी आत जा. ‘आधी वेग वाढवा, मग या’ असे म्हणाले तर दुसरे मैदान पाहा.

आणि गट नसेलच तर चारजण मिळूनही गट होतो. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. पाण्याची वेळ आणि कामाची पाळी पाहून वेळ ठरवा, पण मग ती मोडू नका. ज्याला नवीन गोष्टी उशिरा कळतात अशा मुलाला तर तीच वेळ, तीच जागा आणि तोच सोबती असला की हुरूप येतो. सुरुवातीला एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बोलता बोलता दम लागला तर वेग जास्त आहे असे समजावे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. कृत्रिम पाय वापरणाऱ्याने धावून आल्यावर कातडी लाल झाली आहे का, फोड आला आहे का ते रोज पाहावे. महागडे कपडे लागत नाहीत. भगिनींनी सलवार-कमीज घालून, पायात नीट बसणारे बूट घालून निघावे. चाकांच्या खुर्चीला किंवा कुणाच्या हाताला न विचारता हात लावू नये. मदत हवी का, कशी हवी, हे त्याच्याच तोंडून ऐकावे.

तरुण मुलांना आमचे विशेष सांगणे आहे. तुम्ही पोलीस भरतीसाठी, सैन्य भरतीसाठी पहाटे उठून धावता. तुमच्या पायांत बळ आहे. आठवड्यातला एक दिवस ते बळ शेजारच्या घरातल्या मुलासाठी द्या. दोरीचे दुसरे टोक धरा. त्या दिवशी घड्याळ पाहू नका. वेग कमी करून दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवणे हीसुद्धा कसरत आहे आणि ती सोपी नाही.

संघ किती वेगाने धावतो, हे सांगायला घड्याळ पुरते. तो किती जणांना घेऊन धावतो, हे सांगायला मागे वळून पाहावे लागते. येत्या रविवारी मैदानात निघताना आधी घरात एकवार पाहा, कोण मागे राहिले आहे. त्याला ‘येतोस का?’ एवढेच विचारा.