निवाडा हाती, भरपाई नाही

रस्त्यावरील अपघाताचा आर्थिक भार अपघातग्रस्ताच्या कुटुंबावर पडू नये, या हेतूने १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे. तथापि सरकारी अंदाज पाहिले तर देशातील सुमारे निम्मी वाहने विम्यावाचून धावत आहेत. २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

अपघातग्रस्ताने वा त्याच्या वारसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला की वय, उत्पन्न व अवलंबितांची संख्या यांवरून भरपाई ठरते. विमा असेल तर ती विमा कंपनी देते. विमा नसेल तर ती मालक व चालक यांच्याकडून वसूल करावी लागते. कलम १७४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांना ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. परंतु ज्याच्या नावावर कर्जाऊ टेम्पोखेरीज काहीच नाही, त्याच्याकडून काय वसूल होणार? निवाडा विधवेच्या हाती राहतो, पैसा मात्र येत नाही.

यातील विसंगती पाहण्याजोगी आहे. ठोकर देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. वाहन सापडले, पण विमा नाही, तर हे दारही बंद! २०२५ च्या योजनेने सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या विनामूल्य उपचारांची सोय केली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु बुडालेल्या मिळकतीचे काय?

विमा नसलेले अपघाती वाहन सोडू नये, मालकाने पुरेसे तारण न दिल्यास त्याचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावी, अशा आशयाचे नियम सर्व राज्यांनी करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. उपाय योग्यच आहे. पण मोडक्या दुचाकीच्या लिलावातून एका कुटुंबाचा संसार उभा राहत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने विम्याचा हप्ता म्हणजे आपण इतरांवर लादलेल्या जोखमीची किंमत. ती चुकविणारा तिचा भार पादचाऱ्यावर टाकतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या मोटारीचा वार्षिक हप्ता ३ हजार ४१६ रुपये. विमा नसल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र २ हजार. कायद्यात कैदेचीही तरतूद आहे. पण हिशेबी माणूस काय करील, हे सांगावयास पंडिताची गरज नाही.

ब्रिटनमध्ये १९४६ पासून विमा कंपन्यांची संयुक्त संस्था अशा अपघातग्रस्तांना भरपाई देते. आपल्याकडेही सर्व हप्त्यांतून अल्पसा अंश बाजूस काढून असा निधी उभारावा. त्याने निवाड्याची रक्कम आधी द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी. प्रामाणिकांनी अप्रामाणिकांचा भुर्दंड का सोसावा, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. म्हणूनच दंड हप्त्याहून जबर हवा आणि वसुली कठोर हवी. परंतु आज तोच भुर्दंड निरपराध अपघातग्रस्त एकटा सोसतो आहे. तो अनेकांत वाटला जावा, यासाठीच तर विम्याची कल्पना जन्माला आली.